पहिल्या वर्षाचा खर्च : पेरणी आणि ॲडमिशन एकाच महिन्यात

बारावीचा निकाल लागला की खानदेशातल्या घराघरात एकच प्रश्न असतो, पोराला किंवा पोरीला पुढे कुठे घालायचे? जळगावला, धुळ्याला की थेट पुण्याला? कॉलेजची चर्चा खूप होते, टक्क्यांची त्याहून जास्त होते. खर्चाची चर्चा मात्र "फी किती?" एवढ्यावरच संपते. आमच्या मते गाडी अडते ती इथेच. साध्या बीए, बीएस्सी, बीकॉमला, त्यातही अनुदानित कॉलेजात, फी हा सगळ्यात मोठा खर्च नसतोच. मोठा खर्च राहण्याचा, खाण्याचा आणि येण्या-जाण्याचा. तो कोणी पावती देऊन मागत नाही, म्हणून लक्षात येत नाही.

आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे. पैसा वर्षभर सारखा येत नाही. कापूसवाल्या घरात जून-जुलैला बियाणे, खत, मजुरी यात हात रिकामा होतो आणि पैसा दिसतो तो वेचणी झाल्यावर, दिवाळीच्या आगे-मागे. धुळ्यात पॉवरलूमवर काम करणाऱ्या घरात पगार आठवड्याचा, त्यामुळे एकरकमी काही काढायचे म्हटले की उसनवारी. आणि ॲडमिशन नेमकी जून ते ऑगस्टमध्ये. म्हणजे वर्षाचा हिशोब कागदावर जमला तरी जुलैत तो कोसळू शकतो. म्हणून आम्ही म्हणतो की बजेट बेरजेने करू नका, महिन्यांनी करा.

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, आपल्या गावचे दर विचारून बदलून घ्या. समजा चोपड्याचा एक मुलगा जळगावला तिघांत मिळून खोली घेतो. त्याच्या वाट्याचे भाडे १,५००, मेस २,८००, घरी जाणे-येणे ४००, मोबाईल ३००, झेरॉक्स-वह्या ३००, साबण-तेल-कटिंग ४००, औषध वगैरे ३००. झाले ६,००० महिना. दहा महिन्यांचे ६०,०००. शिवाय सुरुवातीलाच खोलीचे डिपॉझिट ३,०००, गादी-बादली-भांडी २,५००, पुस्तके २,०००, दाखले-प्रतिज्ञापत्रांचे ५००. हे ८,०००. फी सोडून एकूण ६८,०००.

आता बारा महिन्यांनी भागले तर महिन्याला साधारण ५,६६७ येतात आणि अब्बू म्हणतात, "जमेल." पण पहिल्याच महिन्यात ६,००० अधिक ८,००० म्हणजे १४,००० लागणार, वर फी. ही पहिल्या महिन्याची रक्कम वेगळी काढून ठेवलेली नसेल तर सावकार, सोनार किंवा नातेवाईक यापैकी एकाच्या दारात उभे राहावे लागते. फीचे हप्ते पाडून मिळतात का, हे प्राचार्यांना लेखी अर्ज देऊन जरूर विचारा. लाजण्यासारखे त्यात काही नाही. आणि परीक्षा फी विसरू नका. सेमिस्टर पद्धत आहे, ती वर्षातून दोनदा भरावी लागते.

खोली घ्यायची की अप-डाऊन करायचे, हा पुढचा प्रश्न. एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भरावा लागतो. मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो, हे अनेकांना कॉलेजात गेल्यावर कळते. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, पण रोज जायचे तर विद्यार्थी पासच स्वस्त. रेल्वेची एक सोय मात्र फार कमी घरांना माहीत आहे. घर ते शिक्षणसंस्था या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत द्वितीय श्रेणीचा मासिक पास मोफत मिळतो. चाळीसगाव, पाचोरा, भुसावळ, अमळनेर, धरणगाव इथल्या मुलींनी कॉलेजकडून फॉर्म भरून घेऊन स्टेशनवर चौकशी करावी. वाचलेल्या पैशापेक्षा जाणारा वेळ जास्त असेल, रोजचे चार तास रस्त्यातच जात असतील, तर मात्र खोली परवडली असे समजा. पहिल्याच सेमिस्टरला विषय राहिला तर पुन्हा परीक्षा फी आहेच.

घराजवळ जे आहे तेही नीट बघा. खानदेशची कॉलेजे आधी पुणे विद्यापीठाखाली होती. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले, २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचे नाव मिळाले. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्यात येतात. जळगावात मेहरूणला इकरा संस्थेचे थीम कॉलेज आहे, मू. जे. कॉलेज आहे. धुळ्यातही कला-विज्ञानापासून इंजिनिअरिंगपर्यंत सोय आहे. पुण्यात खोलीभाडे, दलाली आणि आडनाव ऐकून मिळणारा नकार हे तिन्ही खर्चच आहेत. तिसऱ्या खर्चाचा आकडा काढता येत नाही, पण खोली मिळेपर्यंतचे लॉजचे दिवस मोजता येतात. तिथला कोर्स इथे नसेल तरच तो खर्च करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता स्कॉलरशिप. पहिला नियम असा की पहिल्या वर्षाच्या बजेटमध्ये स्कॉलरशिपची रक्कम शून्य लिहा. अर्ज महाडीबीटीवर होतो, कॉलेज तपासते, वर तपासणी होते आणि पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यात येतात. त्याला अनेकदा वर्ष उलटून जाते. आले तर दुसऱ्या वर्षाची फी निघाली. पण शून्य लिहिले म्हणून अर्जच न करणे, हे आपल्याकडे फार होते.

इथे "आपण मायनॉरिटी" एवढ्यावर थांबू नका. अल्पसंख्याकांसाठी राज्याची योजना आहेच. पण मोमीन, पिंजारी, मणियार, खाटीक, बागवान, तांबोळी अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. ज्यांच्याकडे जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि व्हॅलिडिटी आहे त्यांना ओबीसीची स्कॉलरशिप लागू होते. यावल-रावेरकडचे तडवी भिल्ल अनुसूचित जमातीत आहेत. त्यांनी यावलच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात वसतिगृहाबद्दल आणि वसतिगृह न मिळाल्यास स्वयम् योजनेबद्दल विचारावे. व्यावसायिक कोर्सला कॅपमधून प्रवेश घेतलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, घरचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कोणत्याही आरक्षणात न बसणारे मुस्लिम कुटुंबही ईडब्ल्यूएसचा दाखला काढू शकते. "ते आपल्यासाठी नाही" असे परस्पर ठरवून टाकणाऱ्यांचे नुकसान होते. मात्र माफी शुल्काची आहे, मेस-खोलीची नाही.

दाखल्यांचे काम मे महिन्यातच सुरू करा. जुलैत सेतूवर रांग असते. व्हॅलिडिटी तर बारावीला असतानाच टाकून ठेवावी.

जमातींच्या जबाबदार लोकांसाठीही एक मुद्दा. जकात बहुतेक घरांत रमजानमध्ये निघते आणि आजकाल रमजान फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो. फीची गरज जुलैची. पात्र विद्यार्थ्यांची यादी रमजानमध्येच करून, काही रक्कम ॲडमिशनच्या वेळी त्यांच्या हातात पडेल अशी व्यवस्था आलिमांना विचारून करता येईल. रमजान संपल्यावर दारोदार फिरणाऱ्या मुलाला "आता तर वाटून झाली" हे उत्तर मिळते. मुली तर फिरतही नाहीत, त्या घरीच बसतात.

आणि रमजानचा महिना विद्यार्थ्यांनी स्वतःच्या वहीतही वेगळा मांडावा. साधी मेस सहरीला उघडत नाही. खोली घेतानाच मेसवाल्याला विचारा की महिनाभराचा खाडा कापून देणार का. काही जण चार दिवस सलग असेल तरच खाडा धरतात, काही अजिबात धरत नाहीत. खाडा मिळाला तर त्याच पैशात खोलीतले तिघे मिळून गॅस, तांदूळ, अंडी, खजूर आणू शकतात. न मिळाल्यास त्या महिन्याला हजार-बाराशे जास्तीचे धरा. ईदला घरी जायचे भाडे त्याच पानावर लिहा, कारण ते महिन्याच्या शेवटी, खिसा रिकामा असतानाच लागते.