बोट प्रेसखाली का जाते?

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पॉवर प्रेसवर बोट तुटले, की दोष कामगाराच्या बेसावधपणाला दिला जातो. पण दिवसभर तीच हालचाल करणारा हात कधीतरी चुकणारच. म्हणूनच यंत्राच्या घातक भागांना संरक्षक आवरण १९४८ च्या कारखाना कायद्याने बंधनकारक केले. आवरणामुळे उत्पादन मंदावते, असा आक्षेप येतो. मंदावत असेलही; पण आवरण किंवा दोन्ही हातांनी बटणे दाबल्याशिवाय न चालणारा प्रेस हात डायबाहेर, म्हणजे साच्याबाहेर, ठेवतो, आणि अपघाताने कामही थांबते, घराची कमाईही.

तरीही इजा झालीच आणि बोट बधिर झाले किंवा वाकेना, तर जखम लहान दिसली तरी डॉक्टर गाठा. बोट तुटलेच, तर तुटलेला भाग ओलसर, स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून बंद पिशवीत घाला आणि पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर नको.