गेलेलं बोट, राहिलेली पकड

पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात गाड्यांचे ब्रॅकेट, बिजागऱ्या, सीटच्या चौकटी पॉवर प्रेसवर तयार होतात. कामगार साच्यात म्हणजे डायमध्ये पत्रा ठेवतो, वरचा दट्ट्या म्हणजे रॅम खाली येतो आणि एका ठोक्यात जॉब तयार होतो. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय रॅम हलू नये, किंवा मध्ये हात आला तर सेन्सरने यंत्र थांबावं, ही सोय काही नवी नाही. पण जिथे पायाच्या पायडलवर काम चालतं, किंवा नग वाढावेत म्हणून सेन्सरच बंद ठेवलेला असतो, तिथे रॅम आणि बोट यांची गाठ पडते. वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांसाठी काम करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेच्या ‘क्रश्ड’ अहवालांत पॉवर प्रेस आणि तुटलेली बोटं पुन्हा पुन्हा भेटतात. अपघातही बहुतेक बड्या कंपन्यांच्या आवारात होत नाहीत, त्यांना माल पुरवणाऱ्या लहान शेडमध्ये होतात.

प्लास्टिक सर्जरी म्हटलं की आपल्याला नाक-ओठ आठवतात. या पट्ट्यात तिचा खरा विषय हात आहे.

तुटलेलं बोट सोबत आणलं म्हणजे ते बसेलच, असं नाही. धारदार पात्याने सरळ कापलेलं बोट जोडायला सोपं. प्रेसखाली मात्र बोट चिरडतं आणि आतल्या रक्तवाहिन्या लांबपर्यंत फाटतात. जोडायचंच ठरलं, तर हाड थोडं आखूड करून तारांनी बसवतात, मग स्नायुबंध शिवतात आणि त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली धमनी, मज्जातंतू आणि शिरा. बोटातली धमनी जेमतेम एक मिलिमीटर जाडीची, तिला लागणारा धागा केसाहून बारीक. पुढचे काही दिवस बोटाचा रंग पाहण्यात जातात. तंबाखू आणि विडी पूर्ण बंद, कारण निकोटिनने नुकती शिवलेली धमनी आकसते. हे पथ्य सांगायला सोपं आहे, रात्रपाळीची सवय असलेल्या माणसाला पाळायला नाही.

वेळेचं गणितही वेगळं आहे. दंडापासून तुटलेल्या हाताला जेमतेम सहा तास मिळतात, कारण त्यातले स्नायू रक्ताविना लवकर मरतात. बोटात स्नायूच नसतो, म्हणून नीट थंड ठेवलेलं बोट बरेच तास तग धरतं. चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी पाहता ही मोठीच सवलत म्हणायची. पण बोट थेट बर्फात टाकलं की ते गारठून वाया जातं. सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉझमध्ये गुंडाळायचं, कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. एवढं प्रत्येक प्रेसशॉपच्या प्रथमोपचार पेटीवर लिहिलेलं असावं.

अंगठा असेल तर सर्जन शक्य तेवढी धडपड करतो, एकाच वेळी अनेक बोटं गेली असतील तेव्हाही. एकटी तर्जनी मधल्या सांध्याच्या तळहाताकडच्या बाजूला तुटली असेल, तर पुष्कळदा न जोडण्याचा सल्ला मिळतो. घरच्यांना तो निष्ठुर वाटतो. पण जोडलेलं ताठ बोट खिशात हात घालताना अडतं, थंडीत ठणकतं आणि बाकीच्या बोटांनाही नीट मिटू देत नाही. अंगठाच नसेल, तर पायाचं बोट काढून त्या जागी बसवता येतं. जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई या सर्जननी १९६५ साली पूर्ण तुटलेला अंगठा जोडला आणि तीनच वर्षांत इंग्लंडमध्ये कॉबेट यांनी पायाचं बोट अंगठ्याच्या जागी लावलं.

प्लास्टिक सर्जरीच्या विद्येचं जुनं टोक पुण्याजवळच आहे. इंग्रज फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठ्याला टिपूच्या लोकांनी पकडलं आणि त्याचं नाक व एक हात कापला. पुढे पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तो वृत्तांत छापून आला, तो वाचून इंग्रज सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी ही शस्त्रक्रिया शिकून घेतली आणि १८१४ मध्ये ती करून दाखवली. नाकाची गोष्ट जगभर गेली. कावसजीचा हात मात्र तसाच राहिला. त्यावर तेव्हा कुणाकडेच इलाज नव्हता.

त्या कारागिराची युक्ती अजून वापरात आहे. कातडीचा तुकडा पूर्ण कापायचा नाही, एका देठाने मूळ जागी जोडलेला ठेवायचा आणि नव्या जागी रक्त सुरू झालं की देठ तोडायचा. कावसजीच्या वृत्तांतात हा देठ पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तोडल्याचं लिहिलं आहे. चिरडलेल्या हाताची हाडं उघडी पडली की आजही जांघेतल्या कातडीचा पदर असाच हातावर शिवतात, आणि माणूस सुमारे तीन आठवडे स्वतःच्या जांघेला हात जोडून राहतो. पाठ्यपुस्तकात ही पद्धत स्वस्त आणि भरवशाची. पण चाकणजवळच्या खराबवाडीत किंवा महाळुंग्यात एका खोलीत पाच-सहा जण पाळ्यांनी झोपतात, तिथे गावाकडून आलेल्या पोराला अंघोळ कोण घालणार, जेवण कोण भरवणार? या शस्त्रक्रियेच्या यशाचा निम्मा भाग खोलीतल्या सोबत्यांवर अवलंबून असतो, असं मला वाटतं. देठ सुटल्यावर महिनोन्‌महिने व्यायाम करायचा. मज्जातंतू वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर, त्यामुळे टोकाला स्पर्श परत यायला वेळ लागतो. नेमक्या याच काळात खाडा परवडेनासा होतो आणि उपचार अर्धवट सुटतात.

पैशाचा हिशेब कायद्यातल्या तक्त्याने होतो. कमाईच्या क्षमतेत अंगठ्याची घट ३० टक्के, तर्जनीची १४, मधल्या बोटाची १२, अनामिका किंवा करंगळी यांची प्रत्येकी ७. मुठीची बरीच ताकद मात्र याच शेवटच्या दोन बोटांच्या बाजूला असते. हातोडा किंवा पाना धरून पोट भरणाऱ्याला करंगळीचे ७ टक्के फारच स्वस्त वाटतील. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) बरं होईपर्यंत मजुरीच्या ९० टक्के भत्ता मिळतो, आणि पुढची कायमची मासिक रक्कम वैद्यकीय मंडळ ठरवतं. त्यासाठी आधी विम्याची नोंदणी हवी. अनेक जखमी कामगारांच्या हाती ईएसआय नोंदणीचं ई-पहचान कार्ड अपघात झाल्यावरच पडलं, असं ‘क्रश्ड’ अहवाल सांगतात.