गॅरेथ जोन्स यांच्या विश्वासार्हतेचा मागोवा

खरी बातमी देऊनही बेभरवशाचा ठरवला गेलेला वार्ताहर पत्रकारितेच्या इतिहासात नवा नाही. परंतु गॅरेथ जोन्स यांचे प्रकरण अभ्यासकासाठी विशेष मोलाचे ठरते, कारण त्यांच्यावर घेतलेले आक्षेप, त्या आक्षेपांना त्यांनी दिलेले लेखी उत्तर आणि ज्या टिपणांवर त्यांची बातमी उभी होती त्या मूळ वह्या, असे तिन्ही पुरावे आज एकमेकांशी ताडून पाहता येतात. हे ताडून पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. सोव्हिएत युनियनमधील १९३३ च्या दुष्काळाविषयी जोन्स यांनी काढलेला निष्कर्ष पुढे खरा ठरला, एवढ्यावर त्यांचा बचाव अवलंबून नाही. तो निष्कर्ष त्यांनी ज्या रीतीने काढला, ती रीत त्या वेळीही त्यांना खोटे पाडणाऱ्यांच्या रीतीपेक्षा अधिक चोख होती आणि हे त्याच वर्षी कोणालाही तपासून पाहता आले असते.

जोन्स यांचा जन्म १९०५ मध्ये वेल्समधील बॅरी या बंदराच्या गावी झाला. त्यांच्या आईने तरुणपणी दक्षिण युक्रेनमधील युझोव्का, म्हणजे आजचे दोनेत्स्क, या शहरात तिथला पोलाद कारखाना उभारणाऱ्या ह्यूज या वेल्श कुटुंबात मुलांची शिक्षिका म्हणून काम केले होते आणि घरात त्या दिवसांच्या आठवणी निघत असत. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात फ्रेंच, जर्मन आणि रशियन या भाषांचे शिक्षण पूर्ण केल्यावर ते ब्रिटनचे माजी पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांचे परराष्ट्र विषयांतील साहाय्यक झाले. १९३० आणि १९३१ अशी दोन्ही वर्षे ते सोव्हिएत प्रदेशात हिंडून आले होते, आणि येत्या हिवाळ्यात तिथे अन्नाची ददात पडणार, असे त्यांनी कार्डिफच्या ‘वेस्टर्न मेल’ या दैनिकात ऑक्टोबर १९३२ मध्येच लिहिले होते. त्यामुळे मार्च १९३३ चा त्यांचा दौरा हा नवख्या माणसाने घाईघाईने टाकलेला दृष्टिक्षेप होता, हा पुढे घेतला गेलेला आक्षेप मुळातच लंगडा होता.

या दौऱ्याची पार्श्वभूमी थोडक्यात अशी, की १९२९ पासून सोव्हिएत सरकारने सामूहिकीकरणाचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या जमिनी, जनावरे आणि अवजारे एकत्र करून ती सामूहिक शेतसंस्थांच्या ताब्यात देण्याचा, कार्यक्रम बळजबरीने राबवला होता. या संस्थांकडून ठरलेल्या कोट्यानुसार सक्तीची धान्यवसुली होत असे, आणि पीक घटले तरी वसुलीची सक्ती सैल होत नसे. ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने सामूहिक शेतातील धान्याच्या चोरीला देहान्त शिक्षा किंवा दहा वर्षांचा तुरुंगवास लागू झाला, तर जानेवारी १९३३ च्या आदेशाने युक्रेन आणि कुबान भागांतील शेतकऱ्यांना अन्नाच्या शोधात बाहेर पडण्याचीही बंदी झाली. युक्रेनमध्ये या दुष्काळात सुमारे ३५ ते ३९ लाख माणसे मेली, असा अलीकडच्या लोकसंख्या-अभ्यासकांचा अंदाज आहे. कझाकस्तान आणि व्होल्गा खोऱ्यातील मृत्यू त्याखेरीज आहेत. ज्या महाराष्ट्राने १८९६-९७ च्या दुष्काळात ‘केसरी’ला फॅमिन कोडातील तरतुदी शेतकऱ्यांना समजावून सांगताना पाहिले, तिथल्या वाचकाला एक फरक चटकन जाणवेल. ब्रिटिश अमलात सरकारी नियमपुस्तकातच दुष्काळाची कबुली होती आणि तंटा त्या नियमांच्या अंमलबजावणीवर होता. मॉस्कोत मात्र दुष्काळ हा शब्द उच्चारणे हाच अपराध होता.

मार्च १९३३ मध्ये जोन्स यांनी मॉस्कोहून खारकोव्हकडे जाणारी गाडी धरली, मुक्कामाच्या शहरी पोहोचण्याआधीच ते वाटेत उतरले आणि पाठीवरच्या पिशवीत स्वतःपुरते अन्न घेऊन रुळांच्या कडेकडेने गावोगाव चालत गेले. शेतकऱ्यांच्या झोपड्यांत त्यांनी रात्री काढल्या. ज्या एका गावात ते मुक्कामाला राहिले तिथे पूर्वी दोनशे बैल होते, आता सहा उरले होते. माणसे गुरांची वैरण खात होती आणि तीही महिनाभराच्याच बेताची उरली होती. गाडीच्या डब्यातील आणखी एक नोंद त्यांच्या निवेदनात आहे. देशात दुष्काळ नाही, असे एक कम्युनिस्ट सहप्रवासी ठासून सांगत असताना जोन्स यांनी आपल्या भाकरीचा तुकडा पिकदाणीत टाकला, तो एका शेतकऱ्याने बाहेर काढून अधाशीपणे खाल्ला. मग संत्र्याची साल टाकली, तर तीही त्याने खाल्ली, आणि त्या सहप्रवाशाचे बोलणे बंद झाले. भुकेल्या माणसासमोर अन्न पिकदाणीत टाकण्याचे हे कृत्य कोणाला निष्ठुर वाटेल, आणि ते वाटणे गैरही नाही. परंतु जोन्स यांनी ते स्वतःला सोयीचे करून न सांगता जसे घडले तसे नोंदवले, हे त्यांच्या साक्षीचे वजन जोखताना लक्षात घ्यावे लागते.

२९ मार्च रोजी बर्लिनमध्ये त्यांनी पत्रकारांसमोर हे सारे मांडले आणि ‘मँचेस्टर गार्डियन’सह अनेक वृत्तपत्रांनी ते छापले. त्याच आठवड्यात ‘गार्डियन’मध्ये माल्कम मगरिज यांचे युक्रेन आणि उत्तर कॉकेशसमधील उपासमारीवरचे तीन लेख आले होते, पण त्यांवर लेखकाचे नाव नव्हते. जोन्स आपल्या नावानिशी बोलले, म्हणून वारही त्यांच्यावरच झाला. ३१ मार्च रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपले मॉस्कोतील प्रतिनिधी वॉल्टर ड्युरांटी यांचा लेख छापला. ड्युरांटी यांना आदल्याच वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळालेला होता आणि रशियाविषयी त्यांचा शब्द अमेरिकेत प्रमाण मानला जात होता. त्यांनी जोन्स यांच्या बुद्धीची आणि रशियन भाषेवरील प्रभुत्वाची तारीफ केली आणि त्यानंतर त्यांचा निष्कर्ष उतावळा ठरवला. खारकोव्हभोवतीच्या काही गावांतून केलेली सुमारे चाळीस मैलांची पायपीट एवढ्या मोठ्या देशाविषयी मत बनवायला अपुरी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्ष उपासमार किंवा भूकबळी नाहीत, कुपोषणातून होणाऱ्या रोगांनी मात्र मृत्यू वाढले आहेत, असेही त्यांनी त्याच लेखात लिहिले. हे वाक्य नीट वाचले तर ते जोन्स यांचेच म्हणणे मान्य करते, फक्त मृत्यूच्या दाखल्यावरचे कारण बदलते.

नमुना अपुरा असल्याचा आक्षेप मात्र गंभीर होता आणि जोन्स यांनी तो तितक्याच गांभीर्याने घेतला. मे महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्येच प्रसिद्ध झालेल्या उत्तरात त्यांनी आपला आधार निव्वळ पायपीट नसल्याचे दाखवून दिले. वीस ते तीस परदेशी वाणिज्यदूत आणि राजनैतिक प्रतिनिधींशी झालेले बोलणे, वेगवेगळ्या प्रांतांतून अन्नासाठी मॉस्कोकडे आलेल्या शेतकऱ्यांच्या मुलाखती, रशियातील जर्मन वसाहतींमधून जर्मनीत नातेवाइकांना गेलेली पत्रे, आणि खेड्यांत जाऊन आलेल्या पत्रकारांची व तंत्रज्ञांची माहिती, असे परस्परांपासून स्वतंत्र आधार त्यांनी मांडले. हे सगळे आधार एकाच दिशेला बोट दाखवत असताना त्यातला एखादा तोकडा आहे म्हणून निष्कर्ष पडत नाही. त्या काळात खारकोव्हमध्ये असलेले इटालियन वाणिज्यदूत ग्रादेनिगो यांचे अहवाल आता उपलब्ध आहेत आणि त्यांतील वर्णन जोन्स यांच्या वर्णनापेक्षाही भीषण आहे. याउलट ड्युरांटी यांनी खंडन लिहिले तेव्हा त्यांचा आधार मॉस्कोत बसून केलेल्या चौकशीचा होता. दुष्काळी गावे त्यांनी पाहिलेली नव्हती.

मॉस्कोतील बाकीचे वार्ताहर गप्प का राहिले, याचे उत्तर त्यांच्या परिस्थितीत सापडते. परदेशी पत्रकारांच्या प्रवासावर १९३३ च्या आरंभी निर्बंध आले होते, प्रत्येक तार सोव्हिएत सेन्सॉरच्या हाताखालून जात होती, आणि मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीच्या ब्रिटिश अभियंत्यांवरील खटला तोंडावर आला असताना त्याचे वार्तांकन करण्याची परवानगी गमावणे कोणालाही परवडणारे नव्हते. युनायटेड प्रेसचे युजीन लायन्स यांनी १९३७ च्या आपल्या पुस्तकात असे लिहिले, की सेन्सॉर अधिकारी उमान्स्की यांच्यासोबत एका हॉटेलच्या खोलीत बसून पत्रकारांनी जोन्स यांना खोटे पाडण्याचे ठरवले. ही कबुली जोन्स यांच्या बाजूने वारंवार पुढे केली जाते. तरीही तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. ती चार वर्षांनंतर, सोव्हिएत राजवटीविषयी पूर्ण भ्रमनिरास झाल्यावर लिहिलेली आहे आणि त्या बैठकीला दुसरा स्वतंत्र पुरावा नाही. त्याहून भक्कम दस्तऐवज ब्रिटिश सरकारच्या दप्तरात आहे. सप्टेंबर १९३३ मध्ये दुष्काळी भागांतून फिरून आल्यावर खुद्द ड्युरांटी यांनीच मॉस्कोतील ब्रिटिश वकिलातीत सांगितले, की अन्नाच्या अभावाने प्रत्यक्ष-अप्रत्यक्षपणे मेलेल्यांचा आकडा एक कोटीपर्यंतही असू शकेल. ही गोष्ट त्यांनी वाचकांना सांगितली नाही. जोन्स यांच्यावरचा आक्षेप मागे घेण्याचीही तसदी त्यांनी घेतली नाही, आणि हा अन्याय त्यांच्या वार्तांकनातील कोणत्याही चुकीपेक्षा मोठा आहे.

सोव्हिएत युनियनचे दरवाजे जोन्स यांना कायमचे बंद झाले. पुढे ते ‘वेस्टर्न मेल’मध्ये काम करू लागले, १९३४ च्या अखेरीस जगप्रवासाला निघाले, आणि ऑगस्ट १९३५ मध्ये तिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मांचुकुओ या जपानी अमलाखालील प्रदेशात, ओलीस धरणाऱ्या लुटारूंच्या हातून मारले गेले. या हत्येमागे सोव्हिएत हात असल्याचा संशय अनेकांनी मांडला आहे, पण तो सिद्ध झालेला नाही.

त्यांच्या विश्वासार्हतेला मृत्यूनंतर जी खीळ बसली, तिचे एक कारण त्यांच्या स्वतःच्या निवडीतही आहे. जानेवारी १९३५ मध्ये त्यांनी अमेरिकेतील वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या पत्रांसाठी दुष्काळावर पुन्हा लेख लिहिले. महिनाभरातच त्याच पत्रांनी ‘थॉमस वॉकर’ या नावाच्या माणसाची दुष्काळाची छायाचित्रे छापली, आणि वॉकर युक्रेनला कधी गेलाच नव्हता, हे पत्रकार लुई फिशर यांनी लवकरच उघडकीस आणले. ती चित्रे आधीच्या, १९२१-२२ च्या दुष्काळाच्या सुमाराची होती आणि वॉकर हा तुरुंगातून पळालेला गुन्हेगार होता. या बनावटगिरीत जोन्स यांचा काडीचाही संबंध नव्हता. त्यांचे निवेदन तर दोन वर्षे आधीचे होते. तरीही १९८० च्या दशकापर्यंत दुष्काळच नाकारणाऱ्यांना वॉकरची चित्रे हाताशी मिळाली, आणि एका लबाडाच्या निमित्ताने सगळेच साक्षीदार संशयाच्या एकाच पोत्यात भरले गेले. प्रत्येक साक्षीची तिच्या स्वतःच्या गुणांवर परीक्षा व्हावी, ही साधी अपेक्षाही इथे पाळली गेली नाही.

चित्र पालटले ते वह्यांमुळे. १९९० च्या सुमारास बॅरीतील घराची आवराआवर करताना जोन्स यांच्या दौऱ्यांची टिपणे कुटुंबीयांना सापडली. त्यांच्या भाचीने, मार्गारेट सिरिओल कोली यांनी, आणि भाचीच्या मुलाने त्यांचा पाठपुरावा करून पुस्तके सिद्ध केली. २००९ मध्ये त्या वह्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात लोकांना पाहण्यासाठी मांडल्या गेल्या, आणि आज जोन्स यांची कागदपत्रे ॲबरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. चालता चालता खरडलेल्या या नोंदी आणि छापून आलेले लेख समोरासमोर ठेवून माध्यम-अभ्यासक रे गमाश यांनी २०१३ मध्ये तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. वह्यांत शेतकऱ्यांचे उद्गार संवादाच्या रूपातच टिपलेले आहेत, आणि छापील लेखांचा गाभा त्याच नोंदींतून आलेला दिसतो.

या वह्या जोन्स यांच्या चाहत्यांनाही बांधून ठेवतात. दुष्काळ ही युक्रेनियन जनतेची हेतुपुरस्सर केलेली हत्या होती, असे त्यांनी १९३३ मध्ये म्हटलेले नाही. त्यांनी दोष सामूहिकीकरणाला आणि धान्यवसुलीला दिला, आणि भाकरी नाही हा आक्रोश व्होल्गा, सायबेरिया, मध्य आशिया अशा सर्व भागांतून येत असल्याचे नोंदवले. हेतूचा प्रश्न नंतरच्या इतिहासकारांनी दफ्तरे उघडल्यावर हाताळला, आणि तो निष्कर्ष जोन्स यांच्या तोंडी घालणे हाही त्यांच्यावरचा अन्यायच आहे. अग्नियेश्का होलांड यांच्या २०१९ च्या ‘मिस्टर जोन्स’ या चित्रपटाने त्यांचे नाव जगभर पोहोचवले, परंतु त्यात नायकाकडून नकळत नरमांस खाल्ले जाण्याचा जो प्रसंग आहे, तसा काही अनुभव जोन्स यांनी कुठेही लिहून ठेवलेला नाही, आणि कुटुंबीयांनी त्यावर जाहीर हरकत घेतली. ही हरकत योग्यच होती. पाहिले तेवढेच सांगणाऱ्या माणसाच्या नावावर न पाहिलेले दृश्य चढवले, की ड्युरांटी यांनी ज्याचा वृथा आरोप केला होता ती अतिशयोक्ती त्याच्या कहाणीत खरोखरच शिरते.

ड्युरांटी यांचा पुलित्झर पुरस्कार परत घ्यावा, ही मागणी २००३ मध्ये पुरस्कार मंडळाने फेटाळली. तो पुरस्कार १९३१ च्या लेखांसाठी होता आणि त्या लेखांत जाणूनबुजून फसवणूक केल्याचा निःसंदिग्ध पुरावा नाही, असे कारण मंडळाने दिले. हा निर्णय अनेकांना खटकला, परंतु तो ड्युरांटी यांच्या दुष्काळविषयक लेखनाविषयी नाही आणि जोन्स यांच्याविषयी तर मुळीच नाही. मे १९३३ च्या उत्तरात जोन्स यांनी जे आधार मांडले होते, त्यांतील एकही आधार खोटा असल्याचे ड्युरांटी यांनी किंवा दुसऱ्या कोणी आजवर दाखवून दिलेले नाही.