बेण्याचा डोळा पाहता, स्वतःचा कधी दाखवला?



लागणीच्या आधी आम्ही तुम्हाला दरवर्षी एकच गोष्ट सांगतो : डोळा पाहा. नऊ-दहा महिन्यांचे बेणे घ्या, डोळा फुगीर आणि न दुखावलेला असेल तरच टिपरी सरीत जाऊ द्या. हे तुम्ही ऐकता, बरेच जण पाळताही. या वेळी मात्र दुसऱ्या डोळ्यांविषयी लिहायचे आहे. साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखरेच्या आजारावर लेख पाहून कोणी हसेल, तर खुशाल हसावे. पण वाचावे.

दरेकसा हे आपल्या कार्यक्षेत्रातले गाव नव्हे. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेजवळ, डोंगर-जंगलात ते वसले आहे. मुंबई-हावडा मार्गावर स्टेशन आहे, पुढे बोगदा लागतो आणि थोड्याच वेळात राज्य बदलते. हाजरा धबधबा, कचारगडच्या गुहा तिथून जवळ. मुलूख धानाचा. आमच्या थोरल्या बहिणीचे हे सासर, आणि हकिकत आहे ती तिच्या यजमानांची, म्हणजे आमच्या भाऊजींची.

भाऊजींना शुगर निघून बारा वर्षे झाली होती. गोळ्या चालू होत्या, म्हणजे आठवण झाली की. नजर अशी की रात्री धुऱ्यावरून बॅटरीशिवाय फिरत. पुढे अक्षर पुसट दिसू लागले, तेव्हा चष्म्याच्या दुकानात दोनदा नंबर बदलून आणला. पडदा कोणी तपासला नाही, आणि भाऊजींनीही कोणाला दाखवला नाही. २०२२ च्या पावसाळ्यात, रोवणी ऐन भरात असताना, डाव्या डोळ्यापुढे काजळीचे धागे तरंगू लागले. माशी समजून ते हाताने वारत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डोळ्यापुढे लालसर काळा पडदाच. दुखणे नाही, खुपणे नाही. ताई म्हणाली, "आजच्या आज गोंदियाला चला." भाऊजी म्हणाले, "रोवणी होऊन जाऊ द्या, मग पाहू." मधल्या काळात कोणी सांगितले म्हणून मध घातला, कोणी सांगितले म्हणून पानांचा रस घातला. दीड महिना गेला.

आता हे होते कसे, ते आपल्या भाषेत सांगतो. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. त्याला केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या रक्त पुरवतात. ठिबकची लॅटरल डोळ्यापुढे आणा. रक्तात वर्षानुवर्षे साखर जास्त राहिली की या नळ्यांच्या भिंती कमजोर होतात. कुठे फुगतात, कुठे झिरपतात, कुठे बुजतात. झिरपलेले पाणी पडद्याच्या मध्यभागी साचले की वाचायची नजर जाते. बुजलेल्या भागाला रक्त मिळत नाही, म्हणून डोळा घाईने नव्या वाहिन्या फोडतो. तुरा आलेल्या उसाला पांगशा फुटतात ना, तशा या वाहिन्या. पांगशीने उतारा वाढत नाही, आणि या नव्या वाहिन्यांनी नजर सुधारत नाही. उलट त्या नाजूक असल्याने फुटतात आणि डोळा आतून रक्ताने भरतो. पुढे त्यांची जाळी आवळते आणि पडदा ओढून सोडवते. भाऊजींच्या डाव्या डोळ्यात हे सगळे झाले होते.

खरा घात असा की हे सगळे चालू असताना बराच काळ नजर चांगली असते. पिवळे पडलेले पान लांबून दिसते, हे दिसत नाही. दिल्लीच्या एम्सने २०१५ ते २०१९ या काळात देशातल्या पन्नाशीपुढच्या लोकांची पाहणी केली. त्यात शंभरात जवळजवळ बारा जणांना मधुमेह निघाला, आणि मधुमेह्यांपैकी १६.९ टक्क्यांच्या पडद्यावर त्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे सहा मधुमेही बसले की त्यातला एक.

नागपूरला नेल्यावर डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. आतले रक्त आणि जाळी काढली, पडदा बसवला. त्या डोळ्याने आता समोर धरलेली बोटे मोजता येतात, एवढेच. उजव्या डोळ्यातही बिघाड सुरू झालेला होता, पण तो हाती लागला. त्याला तीन वेळा लेसर दिला. लेसर काही नवलाची चीज राहिलेली नाही. वेळेवर दिला तर दृष्टी जाण्याचा धोका निम्म्याने कमी होतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत १९७६ सालीच दिसले होते. त्यानंतर मध्यभागाची सूज उतरावी म्हणून महिन्याच्या अंतराने डोळ्यात इंजेक्शने. डोळ्यात सुई म्हटल्यावर आमच्याच पोटात गोळा आला. भाऊजी म्हणाले, "बधीर करतात, चिमटा घेतल्यासारखं वाटते. बैलाच्या शिंगापेक्षा बरं."

तरी धान कापणीच्या दिवसांत त्यांनी दोन तारखा चुकवल्या. सूज परत आली. एका इंजेक्शनने भागत नाही, हे डॉक्टरांनी सांगितले होते, पण ते कानावरून गेले. तेव्हापासून तारखा ताईच्या हातात आहेत.

आज भाऊजी उजव्या डोळ्याने मोठे अक्षर वाचतात. अंधार पडल्यावर एकटे बाहेर पडत नाहीत. पायरीच्या कडेला ताईने पांढरा चुना ओढला आहे. सकाळच्या गोळीच्या डबीला एक रबर, रात्रीच्या डबीला दोन. इन्सुलिनच्या सुईवरच्या रेघा दिसत नाहीत, म्हणून मात्रा नातू भरून देतो. मॅट्रिक झालेल्या माणसाने सोसायटीच्या कागदावर अंगठा उठवला, तो दिवस ताईला जास्त लागला. भाऊजी म्हणाले, "सही येते, रेघ दिसत नाही."

सांगायचे ते एवढेच की शुगर निघाली त्याच वर्षी डोळ्याचा पडदा दाखवा, आणि नजर चांगली असली तरी पुढे दरवर्षी दाखवा. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे पडदा तपासणे नव्हे. बाहुली मोठी करणारे औषध घालून आत पाहतात. त्यानंतर चार-सहा तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन खुपते, म्हणून टोपी न्या, सोबत माणूस न्या, मोटारसायकल घरी ठेवा. आधीपासून मधुमेह असलेल्या भगिनीला दिवस गेले, तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा दाखवावा. साखरेबरोबर रक्तदाबही काबूत हवा. इन्सुलिनने डोळे जातात ही समजूत खोटी आहे. गुळाने शुगर वाढत नाही ही समजूतही खोटी. हे आमच्या गुऱ्हाळवाल्या मित्रांनी रागावून का होईना, ऐकावे.

आमच्या त्या भागासाठी गोंदियाला २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, नागपूरला जुने मेडिकल आहे आणि २०१८ पासून एम्सही आहे. इकडच्या सभासदांनी आधी जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात जावे. पडद्याचे डॉक्टर कुठल्या वारी असतात ते विचारून निघावे, म्हणजे हेलपाटा पडत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, ते योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड दाखवून विचारावे.

एक गोष्ट लिहायची टाळत होतो. आम्हाला स्वतःला शुगर निघून सहा वर्षे झाली. भाऊजींना घेऊन दोनदा नागपूर केले, पण आपला पडदा दाखवावा असे मनात आले नाही. सर्वे, नोंदी, टोळ्यांचे करार, कारणे पुष्कळ. शेवटी ताईनेच विचारले, "अरे, तुझा दाखवलास का?" मागच्या महिन्यात दाखवला. दोन्ही डोळ्यांत बारीक लाल ठिपके आहेत. लेसरची गरज आज नाही, पण साखर खाली आणा आणि सहा महिन्यांनी परत या, असे सांगितले आहे. ती तारीख ऐन गळितात येते. रजेचा अर्ज आम्ही आजच देऊन ठेवला आहे. त्या दिवशी तोडणीची तक्रार असेल त्यांनी गटाच्या चिटबॉयकडे द्यावी.