नायजेरियाचे वार्तापत्र : वाहिनी फुटली, पण कोणामुळे?

पोर्ट हारकोर्ट : नायजर डेल्टातल्या प्रदूषणाबद्दल बाहेरच्या जगात एक समज पक्का आहे. या देशात कायदाच नाही, म्हणून तेल कंपन्यांना रान मोकळे मिळाले, असा तो समज. वस्तुस्थिती तशी नाही. ओलोइबिरी गावी तेल सापडले 1956 साली, आणि त्याच वर्षी ब्रिटिश राजवटीने तेलवाहिन्यांचा कायदा केला. विहिरींतून निघणारा वायू जाळून टाकण्यावर 1 जानेवारी 1984 पासून निर्बंध आले. 2005 मध्ये बेनिन शहरातल्या संघीय उच्च न्यायालयाने तर असा वायू जाळणे हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. 2006 मध्ये गळतीवर लक्ष ठेवणारी स्वतंत्र सरकारी संस्था स्थापन झाली. तरीही वायूच्या ज्वाला जळतच आहेत आणि खाड्यांत तेल उतरतेच आहे. अंमलबजावणीतली ढिलाई हे त्याचे एक कारण आहे, आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्या मते खरी मेख कायद्याच्या एका कलमात आहे.

1956 च्या त्या कायद्यात वाहिनी फुटून किंवा गळून नुकसान झाले, तर कंपनीने भरपाई द्यावी असे म्हटले आहे. त्यासाठी तिचा निष्काळजीपणा दाखवावा लागत नाही. मात्र याला दोन अपवाद जोडले आहेत. नुकसान सोसणाऱ्याचीच चूक असेल तर भरपाई नाही, आणि तिसऱ्या कोणी हेतुपुरस्सर वाहिनी फोडली असेल तरीही नाही. पहिला अपवाद न्याय्य आहे. दुसऱ्यामुळे मात्र साऱ्या वादाची दिशाच बदलते. खाडी किती नासली, मासे किती मेले हे बाजूला पडते आणि वाहिनी गंजून फुटली की करवतीने कापली, एवढाच मुद्दा उरतो. तो ठरवायला कंपनी, सरकारी अधिकारी आणि गावकरी यांचे संयुक्त पथक जागेवर जाते. कागदावर तिघे समान असले, तरी वाहिनीच्या दाबाच्या नोंदी, तपासणीचा इतिहास आणि तंत्रज्ञ कंपनीकडे असतात. गावकऱ्यांच्या हाती बहुधा डोळ्यांना दिसते तेवढेच.

याचा परिणाम काय होतो, ते ओगोनी भागातल्या बोडोत दिसले. 2008 मध्ये तिथे दोनदा मोठी गळती झाली. शेलच्या इथल्या कंपनीने सुरुवातीला सुमारे 4,000 पिंपे तेल सांडल्याचे सांगितले. लंडनच्या न्यायालयात प्रकरण गेल्यावर मात्र तो आकडा फार कमी होता हे तिला मान्य करावे लागले. 2015 च्या जानेवारीत साडेपाच कोटी पौंडांवर तडजोड झाली. त्यातले साडेतीन कोटी 15,600 मच्छीमारांना आणि उरलेले गावाला मिळाले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2011 मध्ये ओगोनीलँडचा अहवाल दिला. निसिसिओकेन ओगाले इथल्या पिण्याच्या विहिरींत बेन्झीन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या 900 पटींहून अधिक आढळले होते, आणि सारा प्रदेश पूर्ववत व्हायला 25 ते 30 वर्षे लागतील असा अंदाज होता. त्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या बाईला वाहिनी कोणी कापली याच्याशी काय कर्तव्य?

कंपन्यांचे म्हणणे असे की चोरी खरी आहे. ती खरी आहेच. वाहिन्यांना छिद्रे पाडून तेल पळवणारे आणि खाडीकाठी भट्ट्या लावून ते गाळणारे इथे आहेत, आणि त्यांनी केलेली नासाडीही भयंकर आहे. पण चोरी होणार हे दशकानुदशके ठाऊक असताना वाहिनी राखण्याची जबाबदारी कोणाची? बोडो प्रकरणात 2014 मध्ये लंडनच्या न्यायाधीशांनी सांगितले, की याच कायद्यातले वाहिनीच्या संरक्षणाचे कर्तव्य वाजवी मर्यादेत चोरीपासूनच्या बचावालाही लागू होऊ शकते. हेगच्या अपील न्यायालयाने 29 जानेवारी 2021 रोजी त्याहून पुढचे पाऊल टाकले. गोई आणि ओरुमा या गावांतली गळती घातपातामुळे झाली असे शेलच्या कंपनीचे म्हणणे असेल, तर ते तिनेच निःसंशय सिद्ध केले पाहिजे, असे त्या न्यायालयाने ठरवले. तसे सिद्ध झाले नाही, आणि कंपनी जबाबदार ठरली. तिथल्या शेतकऱ्यांनी हा दावा 2008 मध्ये लावला होता. निकाल ऐकायला त्यांतले काही जण हयात नव्हते.

भारतीय वाचकाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. भोपाळनंतर युनियन कार्बाइडनेही घातपाताचाच दावा केला होता. दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात 1986 च्या डिसेंबरमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाटच बंद केली. धोकादायक उद्योग नफ्यासाठी चालवणाऱ्याने नुकसानीची पूर्ण जबाबदारी घ्यावी, त्याला कोणताही अपवाद नाही, असे ते तत्त्व. भारतात ते नेहमी पाळले जाते असे मी म्हणणार नाही. पण पीडिताने न्यायालयात कुठून सुरुवात करायची, हे त्याने बदलले.

नायजेरियाच्या कायद्यातला तो दुसरा अपवाद काढला तर लोक भरपाईसाठी स्वतःच वाहिन्या फोडतील, असा आक्षेप इथले अधिकारीही घेतात. त्याचे उत्तर त्याच कलमात आहे: स्वतःच्या चुकीने नुकसान ओढवून घेणाऱ्याला पहिला अपवाद आधीच वगळतो. फोडणाऱ्याला वगळायला साऱ्या गावाला वगळण्याची गरज नाही. 2021 चा पेट्रोलियम उद्योग कायदा मात्र उलट्या दिशेने गेला. त्यात कंपनीच्या वार्षिक परिचालन खर्चाच्या तीन टक्के रक्कम गावांच्या निधीत जमा होते खरी, पण परिसरात घातपात झाला तर दुरुस्तीच्या खर्चाइतका गावाचा हक्क बुडतो. ज्या मच्छीमाराकडे ना बंदूक ना अधिकार, त्याच्यावर वाहिनीच्या राखणीचा भार टाकणे मला अन्यायाचे वाटते.

परदेशी न्यायालयांनी नायजेरियाचे प्रश्न का सोडवावेत, ही तक्रार वजनदार आहे. मात्र ती न्यायालये नायजेरियाचाच कायदा लावत होती. ओगाले आणि बिल्ले या गावांचा शेलविरुद्धचा दावा लंडनमध्ये अजून चालू आहे; मुख्य सुनावणी 2027 मध्ये ठरली आहे. दरम्यान शेलने 2025 च्या मार्चमध्ये इथली जमिनीवरची कंपनी रेनेसाँस या समूहाला विकली. जुन्या गळत्यांची साफसफाई कोणाच्या खर्चाने व्हायची, हे आबुजातल्या संसदेने आता कायद्यात स्पष्ट लिहायला हवे, आणि त्याच दुरुस्तीत 1956 चा तो दुसरा अपवादही वगळायला हवा.