काटा शून्यावर आहे ना?

भाजी घेताना माझी नजर आधी रिकाम्या काट्याकडे जाते. ही सवय मला लावली आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या सेविकेनं. बाळाचं वजन करण्याआधी तिनं नुसती झोळी लटकवली, तर काटा अर्धा किलो दाखवत होता! "ताई, तसंच मोजलं असतं ना, तर अशक्त बाळसुद्धा धडधाकट ठरलं असतं," ती म्हणाली. मग काटा शून्यावर आणला, किलोचं माप लावून पाहिलं आणि मगच बाळाला झोळीत ठेवलं.

मैत्रिणींनो, आभाळातले उपग्रहही नेमकं हेच करतात! हवामानाच्या काही उपग्रहांवर मायक्रोवेव्ह रेडिओमीटर नावाचं उपकरण असतं. आपला स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह लहरी सोडतो. हे उपकरण मात्र हवेतून, समुद्रातून आपसूक निघणाऱ्या क्षीण लहरी नुसत्या टिपतं. त्यावरून तापमान, हवेतली वाफ, पाऊस यांचा अंदाज बांधतात.

पण मोजमाप बरोबर कशावरून? त्यावरचा फिरता आरसा पृथ्वीकडे पाहतो, मग मोकळ्या अवकाशाकडे आणि मग उपग्रहावरच्याच एका उबदार पृष्ठभागाकडे. अवकाशाचं तापमान सुमारे उणे 270 अंश, ते पक्कं ठाऊक असतं. ही झाली रिकामी झोळी. उबदार पृष्ठभागाचं तापमान प्लॅटिनमचे तापमापक सांगतात. ते किलोचं माप!

एवढं करूनही गफलत झालीच. अमेरिकेच्या उपग्रहांवरून 1978 च्या अखेरीपासून हवेचं तापमान मोजलं जातं. जॉन क्रिस्टी आणि रॉय स्पेन्सर या शास्त्रज्ञांनी 1990 मध्ये त्या नोंदी एकत्र मांडल्या. त्यात तापमानवाढ जवळपास दिसेचना, जमिनीवरचे तापमापक मात्र वाढ दाखवत होते. मग काय, पृथ्वी तापतेय हे खरं की खोटं, यावर वर्षानुवर्षं वाद!

1998 मध्ये फ्रँक वेंट्झ आणि मॅथियास शाबेल यांनी दाखवून दिलं, की उपग्रह हळूहळू खाली येत होते आणि त्यामुळे आकड्यांत खोटी थंडी शिरत होती. शिवाय उपग्रहाची एखाद्या जागेवरून जायची वेळही वर्षागणिक सरकते. दुपारचं ऊन आणि संध्याकाळचा गारवा यांची तुलना कशी करणार? त्यासाठीची दुरुस्ती उलट्या दिशेनं झाली होती, हे 2005 मध्ये कार्ल मीयर्स आणि वेंट्झ यांनी दाखवलं. क्रिस्टी-स्पेन्सर यांनी ही चूक मान्य करून आकडे सुधारले आणि त्यांच्या नोंदींतली वाढ आणखी ठळक झाली.

दहा वर्षांतली वाढ म्हणजे अंशाचा एखाद-दुसरा दशांश. काटा तेवढाच चुकला, तर पृथ्वीचा ताप कळायचाच नाही! अशक्त बाळ धडधाकट ठरावं, तसंच हे.

म्हणून कुणी मोठमोठे आकडे सांगू लागलं, की मी आता एकच विचारते... काटा आधी तपासला होता ना?