लादी बसवण्याआधी जमिनीची ओल पाहा



ऊसबिलाचे पैसे हाती आले की ट्रॅक्टरच्या शेडमध्ये कोब्यावर लादी बसवून घ्यावी, असे पुष्कळांच्या मनात येते. शेड झकास दिसते. पण दुसऱ्या पावसाळ्यात लादी पोकळ वाजू लागते आणि दोष गवंड्याला जातो. खरा दोष बहुधा खालच्या ओलीचा असतो.

डहाणू-तलासरीचेच पाहा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर, वर चार महिने पाऊस. त्यात नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसू लागले, घरांना तडे गेले. भेगेतून पाणी वर येतेच. पण भेग नसली तरी येते. दिव्याची वात तेल ओढते, तसे काँक्रीट जमिनीतले पाणी ओढते. उघड्या कोब्यावरून ती ओल हवेत उडून जाते. लादी पडली की वाट बंद. मग ओल आणि तिच्याबरोबर आलेला खार लादीची पकड सोडवतात.

परीक्षा सोपी आहे. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक कोब्यावर अंथरून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा. निदान १६ तास ठेवा. उचलल्यावर प्लास्टिकच्या खालच्या बाजूस थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडला, तर ओल खालून येते आहे. दोन-तीन जागी पाहा, एक भिंतीलगत. वैशाखात ही परीक्षा फसवते, भाद्रपद-आश्विनात करा.

आता उपाय. आधी बाहेरचे पाणी तोडा : छपराला पन्हळ, जोत्याभोवती बाहेर उतार. मग पुन्हा परीक्षा घ्या. तरीही ओल दिसली तर भेगा भरून २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरा; जोड सहा इंच एकावर एक घ्या, कडा भिंतीवर वळवा. त्यावर जाळी घालून तीन इंच काँक्रीट टाका. उंबऱ्याची उंची आधी मोजून घ्या. नवे काँक्रीट सुकायला इंचामागे साधारण एक महिना धरावा. म्हणजे लादी तीन महिन्यांनी.

एवढा खर्च झेपत नसेल तर साधा कोबाच बरा. युरियाच्या गोण्या मात्र फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. ओल लागली की युरियाचे दगड होतात. लादी एक हंगाम उशिरा बसली तर काही बिघडत नाही. उखडलेली लादी पुन्हा बसवायची, तर मजुरी दुसऱ्यांदा आपल्याच खिशातून जाते.